प्रथिनांची पारख

नवी पैठणी घरांत आली म्हणजे एखादी वडील बाई तिच्या कडेचा एक धागा अलगद ओढून घेते, तो दिव्याच्या ज्योतीवर धरते आणि नाकाशीं नेते. केस जळल्यासारखी घाण आली कीं तिचें समाधान होतें. कागद जळल्यासारखा वास आला तर मात्र दुकानदाराची धडगत नसते. या बाईनें रसायनशास्त्राचें एकहि पुस्तक उघडलेलें नसतें. तथापि तिची परीक्षा शास्त्राला पूर्णपणें मान्य होण्यासारखी आहे. रेशीम, लोंकर, केस, नखें, पिसें, शिंगें हीं सारीं एका कुळांतलीं आहेत, आणि कापूस, कागद, लांकूड हीं दुसऱ्या कुळांतलीं. पहिल्या कुळांत नत्र, म्हणजे नायट्रोजन, असतो. दुसऱ्यांत तो नसतो म्हटलें तरी चालेल. त्या पहिल्याच कुळांत अंड्याचा पांढरा बलक, नासलेल्या दुधाचा चोथा आणि आपल्या वरणांतील डाळ यांचा सारभाग मोडतो. या कुळाला आपण प्रथिनें म्हणतों.

प्रथिनें शरीराला अवश्य आहेत हें डॉक्टरमंडळी आपणांस इतक्या वेळां सांगत असतात कीं त्याची उजळणी मी येथें करीत नाहीं. माझा प्रश्न निराळा आहे. प्रथिन डोळ्यांना वेगळें दिसत नाहीं, जिभेला त्याची अशी चव नाहीं. मग अमुक पदार्थांत तें आहे आणि तमुक पदार्थांत नाहीं हें माणसाला कळलें कसें? त्या कळण्याचा इतिहास सुमारे तीनशें वर्षांचा आहे, आणि त्यांत चुकाहि पुष्कळ आहेत. त्यांतील कांहीं चुकांची किंमत विद्वानांनीं दिली नाहीं, ती इस्पितळांतल्या गरिबांनीं आणि पाळण्यांतल्या मुलांनीं दिली.

प्रारंभ इटलींतील बोलोन्या शहरीं झाला. तेथील जाकोपो बेक्कारी या पंडितानें १७२८ सालीं विद्वत्सभेपुढें एक साधा प्रयोग सांगितला. तो छापून निघाला १७४५ सालीं. गव्हाच्या पिठाचा गोळा मळून तो पाण्याखालीं हातानें धूत राहावें. पांढरें दुधासारखें पाणी निघून जातें आणि हातांत एक चिवट, ताणला जाणारा, करड्या रंगाचा लगदा राहतो. आपल्या गृहिणींना हें सांगण्याची जरूर नाहीं. आपल्याकडे कुरडया करतांना गहूं भिजवावयाचे, वाटावयाचे, पिळून चीक काढावयाचा आणि चोथा गुरांपुढें टाकावयाचा, असा परिपाठ आहे. बेक्कारीनें उलट केलें. त्यानें चीक वाहूं दिला आणि मागें राहिलेला चिवट लगदा जपून ठेवला.

त्या काळीं प्राणिज पदार्थ कोणता आणि वनस्पतिज कोणता हें ओळखण्याची एक रीत ठरलेली होती. वस्तु बंद भांड्यांत घालून तापवावयाची. आंबट अर्क निघाला तर ती वनस्पतींतली, आणि नवसागर चुन्यांत चोळल्यावर येतो तसा नाकाला झोंबणारा वायु निघाला तर ती प्राण्याची. ठेवून दिल्यावर वनस्पति आंबते आणि मांस सडतें, हीहि खूण होतीच. आतां गहूं ही तर निखालस वनस्पति. पण बेक्कारीच्या लगद्यानें तापविल्यावर अमोनियाचा झोंबरा वास दिला, आणि ठेवून दिल्यावर तो मांसासारखा सडला. म्हणजे धान्याच्या पोटांत मांसाच्या जातीचें कांहीं तरी होतें. ज्या देशांत शतकानुशतकें माणसें डाळ-भाकरीवर दणकट राहिलीं तेथें या शोधाचें नवल वाटणार नाहीं. युरोपांतल्या पंडितांना मात्र तें पचावयास बराच वेळ लागला. अमोनिया हा नत्र आणि हैड्रोजन यांचा बनलेला आहे हें फ्रेंच रसायनज्ञ बर्तोले यानें १७८५ च्या सुमारास ठरविलें, तेव्हां त्या वासाचा अर्थ लागला. त्या वासामागें नत्र होता.

यापुढची गोष्ट पॅरिसची आहे, आणि ती मनाला लागण्यासारखी आहे. फ्रांस्वा माझाँदी या शरीरशास्त्रज्ञानें १८१६ सालीं कुत्र्यांवर प्रयोग केले. एका कुत्र्याला त्यानें केवळ साखर आणि शुद्ध पाणी दिलें. पहिला आठवडा बरा गेला; मग कुत्रा रोडावूं लागला, त्याच्या डोळ्याला क्षत पडलें आणि सुमारें महिन्याभरांत तो मेला. तेलावर, डिंकावर, लोण्यावर ठेवलेल्या कुत्र्यांची गत अशीच झाली. या साऱ्या अन्नांत नत्र नव्हता. त्यावरून निघणारें अनुमान कोणालाहि सुचेल: अन्नांत नत्र पाहिजे. परंतु या अनुमानाला लोक नकळत एक शेपूट जोडतात, आणि तेथेंच घात होतो. नत्र पाहिजे हें खरें. पण म्हणून नत्र असला कीं झालें, हें मात्र खरें नव्हे.

पॅरिसमध्यें त्या वेळीं गरिबांच्या अन्नाचा प्रश्न बिकट होता, आणि खाटिकखान्यांत हाडांचे ढीग पडलेले होते. हाडें दाबाच्या वाफेंत शिजवून मऊ करण्याचें भांडें, म्हणजे आपल्या आजच्या प्रेशर कुकरचा पणजोबा, देनी पापँ यानें सतराव्या शतकांतच तयार केलें होतें. दार्से नांवाच्या रसायनज्ञानें पुढें हाडांतून खाण्याजोगा सरस, म्हणजे जिलेटिन, मोठ्या प्रमाणावर काढण्याची युक्ति बसविली. सरसांत नत्र भरपूर. रसायनज्ञाच्या हिशेबानें तो मांसाचाच भाऊ. तेव्हां इस्पितळांतून आणि अन्नछत्रांतून मांसाच्या ऐवजीं सरसाचें सार वाढण्यास सुरुवात झाली. हेतु चांगला होता, खर्च थोडा होता आणि शास्त्राचा आधार होता. नसलें तर एवढेंच नव्हतें, कीं खाणाऱ्यांना बरें वाटत नव्हतें. त्यांच्या तक्रारी येऊं लागल्या. शेवटीं विज्ञानसभेनें नेमलेल्या समितीनें माझाँदीच्या नेतृत्वाखालीं दीर्घकाळ प्रयोग केले आणि १८४१ सालीं निर्णय दिला: केवळ सरसावर ठेवलेलीं कुत्रीं जगत नाहींत. असें कां होतें, याचें उत्तर समितीजवळ नव्हतें. तें मिळण्यास आणखी साठ वर्षें लागलीं.

मध्यंतरीं या द्रव्याला नांव मिळालें. डच रसायनज्ञ मुल्डर यानें अंड्याचा बलक, रक्तांतील द्रव आणि रक्ताची गुठळी यांतील घटक मोजले, तेव्हां कर्ब, हैड्रोजन, नत्र व प्राणवायु यांचें प्रमाण सगळीकडे जवळजवळ एकच निघालें. यांच्या मुळाशीं एकच द्रव्य असलें पाहिजे, असें त्याला वाटलें. स्वीडनचा थोर रसायनज्ञ बर्झेलियस यानें १८३८ च्या जुलै महिन्यांत त्याला पत्र लिहून त्या द्रव्यासाठीं ‘प्रोटीन’ हें नांव सुचविलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ अग्रस्थानीं असलेलें, असा होतो. आपल्या मराठींतला ‘प्रथिन’ हा शब्द मूळ उच्चाराच्या जवळ आहेच, शिवाय त्यांत ‘प्रथम’चीहि छटा ऐकूं येते, इतकें नेमकें भाषांतर मला फारसें आढळलेलें नाहीं. मुल्डरची कल्पना मात्र टिकली नाहीं. जर्मन पंडित लीबिग यानें आरंभीं ती उचलून धरली आणि मागाहून तिच्यावर असा हल्ला चढविला कीं दोघांचें कायमचें वांकडें आलें. मूळ द्रव्य एक नाहीं, प्रथिनें असंख्य आहेत. पण पत्रांतून आलेलें नांव राहिलें.

या लीबिगचा एक किस्सा विषयाला सोडून नाहीं. १८६५ सालीं त्याच्या नांवानें मांसाचा अर्क विकणारी एक कंपनी निघाली. दक्षिण अमेरिकेंत उरुग्वे येथें कित्येक शेर मांस आटवून इवलासा तपकिरी अर्क काढीत आणि युरोपभर आजाऱ्यांना तो चमच्यानें देत. त्याला मांसाचा रंग, वास, चव सारें होतें. प्रथिन मात्र जवळजवळ नव्हतें, कारण तें गाळांत राही. प्रथिनांविषयीं एवढा वाद घालणाऱ्या माणसाचें नांव त्या बरणीवर असावें, याला काय म्हणावें!

प्रथिन ओळखण्याच्या रंगपरीक्षा याच शतकांत ठरल्या. सोन्याची पारख करतांना सोनाराच्या बोटांवर तेजाबाचा, म्हणजे नत्राम्लाचा, थेंब पडला तर पिवळा डाग पडतो आणि तो साबणानें जात नाहीं. कातडी हें प्रथिन आहे, म्हणून तो डाग पडतो. पांढऱ्या लोंकरीवर, रेशमावर, नखावर, अंड्याच्या बलकावर तसाच पिवळा रंग चढतो. १८४९ सालीं मिलाँ या फ्रेंच रसायनज्ञानें पारा नत्राम्लांत विरघळवून एक द्राव केला. तो घालून तापविलें कीं बहुतेक प्रथिनें विटेसारखीं तांबडीं होतात. परंतु शाळेच्या प्रयोगशाळेंत आजहि मुलांना दाखवितात ती परीक्षा मोरचुदाची. पदार्थाचें पाणी घेऊन त्यांत मोरचुदाच्या द्रावाचे दोन थेंब आणि दाहक सोड्याचे दहा थेंब घालावे. प्रथिन असेल तर सुरेख जांभळा रंग येतो, नसेल तर पाणी निळेंच राहतें. रोझ यानें ही गोष्ट १८३३ सालीं पाहिली आणि पोलंडच्या प्योत्रोव्स्कीनें १८५७ सालीं ती पुन्हां स्वतंत्रपणें वर्णिली. गंमत अशी कीं ही परीक्षा ज्या ‘बाययुरेट’च्या नांवानें ओळखली जाते तें प्रथिन नव्हेच! युरिया तापवून मिळणारें तें एक साधें द्रव्य आहे. त्यालाहि तसाच रंग येतो, एवढ्यावरून त्याचें नांव परीक्षेला चिकटलें.

अंडें, दूध, डाळीचें पाणी यांना ही परीक्षा लावली तर जांभळा रंग येतो. साखरेला, तुपाला, साबुदाण्याच्या पेजेला येत नाहीं. पण सरसालाहि येतो! रंग एवढेंच सांगतो कीं प्रथिन आहे. तें किती आहे आणि कशा प्रतीचें आहे, या दोन प्रश्नांना त्याच्याजवळ उत्तर नाहीं.

किती, याचें उत्तर दारूच्या भट्टींतून आलें. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याच्या मालकानें, याकोबसेन यानें, १८७५ सालीं एक प्रयोगशाळा काढली. तेथें लागणारा कोणताहि महत्त्वाचा शोध गुप्त ठेवावयाचा नाहीं, असा त्यानें नियमच घालून दिला. आपल्या खर्चानें लागलेला शोध प्रतिस्पर्ध्याला फुकट देणारा कारखानदार विरळा. बिअर सातूपासून करतात. सातूंत प्रथिन फार झालें तर माल बिघडतो आणि बिअर गढूळ होते, म्हणून धान्यांतील प्रथिन मोजण्याची गरज होती. त्या वेळच्या रीतींनीं एकेक नमुना तपासण्यांत फार वेळ जाई. प्रयोगशाळेंतील योहान केल्डाल यानें १८८३ सालीं नवी रीत जाहीर केली. पदार्थ कडक गंधकाम्लांत उकळावयाचा; तो विरघळून जातो आणि त्यांतील नत्र अमोनियाच्या रूपानें आम्लांत बांधला जातो. मग क्षार घालून तो अमोनिया मोकळा करावयाचा, वाफेबरोबर दुसऱ्या भांड्यांत नेऊन आम्लांत धरावयाचा आणि मोजावयाचा. बेक्कारीच्या नाकाला जो वायु झोंबला होता त्याचेंच हें माप! प्रथिनांत सरासरीनें शेंकडा १६ भाग नत्र असतो, म्हणून मिळालेल्या नत्राला ६·२५ नीं गुणलें कीं प्रथिनाचा आंकडा निघतो. गव्हासाठीं हा गुणक ५·७ घेतात, दुधासाठीं ६·३८.

येथें क्षणभर थांबणें जरूर आहे. केल्डालची रीत प्रथिन मोजीत नाहीं. ती नत्र मोजते, आणि तो सारा प्रथिनांतलाच आहे असें आपण गृहीत धरतों. प्रामाणिक धान्याच्या बाबतींत हें गृहीत चालतें.

प्रत कशी, याचें उत्तर केंब्रिजच्या हॉपकिन्सनें दिलें, आणि तेंहि एका फसलेल्या रंगपरीक्षेंतून. आडामकीविच यानें १८७४ सालीं सांगितलेल्या परीक्षेंत प्रथिनाला तीव्र ॲसेटिक आम्ल व गंधकाम्ल घातल्यावर जांभळा रंग येई. पण कधीं येई, कधीं येत नसे. हॉपकिन्स आणि त्याचा सहकारी कोल यांनीं शोधून काढलें कीं रंग ॲसेटिक आम्लाचा नव्हेच, त्यांतल्या मिसळीचा, ग्लायऑक्झिलिक आम्लाचा, आहे. आम्ल जितकें शुद्ध तितकी परीक्षा निकामी! मग प्रथिनांतला कोणता भाग हा रंग देतो याचा माग काढीत त्यांनीं १९०१ सालीं ट्रिप्टोफेन हें अमायनो आम्ल वेगळें केलें. सरसाला हा रंग येत नाहीं, कारण सरसांत ट्रिप्टोफेन नाहीं. मक्यांतील झेइन या प्रथिनांतहि नाहीं. १९०६ सालीं हॉपकिन्स आणि एडिथ विलकॉक यांनीं उंदरांना झेइनवर ठेवून पाहिलें: उंदीर लवकर मेले, आणि अन्नांत ट्रिप्टोफेन घालतांच अधिक काळ जगले. पॅरिसच्या इस्पितळांतील रोग्यांची तक्रार रास्त होती हें असें सिद्ध झालें; ती करणारे तेव्हां हयात नव्हते.

आपल्या देशांत हें काम निलगिरीच्या डोंगरांत कुन्नूर येथें झालें. तेथें मॅककॅरिसन यांनीं उंदरांना हिंदुस्थानांतील निरनिराळ्या प्रांतांचे आहार चारून पाहिले. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धडधाकट निघाले, त्यांच्यामागोमाग पठाणी आहाराचे, आणि तिसरे मराठा आहाराचे. भातावर विसंबलेले बंगाली व मद्रासी आहार शेवटीं राहिले. हा फरक एकट्या प्रथिनाचा नव्हता, दूध आणि भाजीपाला यांचाहि होता, हें विसरूं नये. त्याच संस्थेंत ॲक्रॉइड यांनीं १९३७ सालीं हिंदी अन्नपदार्थांचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. पुढें हैदराबादेस गेलेल्या या संस्थेनें १९७१ सालीं त्यांची मोठी आवृत्ति काढली. शंभर ग्रॅममध्यें तांदुळांत ६·८ ग्रॅम प्रथिन, ज्वारींत १०·४, गव्हांत ११·८, तुरीच्या डाळींत २२·३, भुईमुगाच्या दाण्यांत २५·३, असे ते आंकडे आहेत. साबुदाण्यांत? ०·२. एकादशीच्या खिचडींत जें काय प्रथिन असेल तें दाण्याच्या कुटाचें असतें; तेव्हां कूट घालतांना हात आंखडणें बरें नव्हे. हे सारे आंकडेहि नत्राला गुणूनच काढलेले आहेत.

आणि आतां ती गोष्ट, जिच्यासाठीं मीं मघाशीं थांबावयास सांगितलें. केल्डालची परीक्षा सव्वाशें वर्षें जगभर चालली. दूध विकत घेणाऱ्या कारखान्यांनीं नत्राचा आंकडा पाहून भाव ठरवावा, हें रूढ झालें. चीनमध्यें दुधांत पाणी घालणाऱ्यांना या आंकड्याची भीति होती, कारण पाण्यानें नत्र घटतो. त्यांनीं मेलामाईन टाकण्यास सुरुवात केली. प्लास्टिकच्या ताटल्या ज्यापासून करतात तें हें द्रव्य. त्यांत वजनानें सुमारें दोनतृतीयांश नत्र असतो, म्हणजे प्रथिनाच्या चौपट. पांढरी भुकटी, किंमत थोडी. चिमूटभर घातली कीं पाणचट दूध परीक्षेंत उत्तीर्ण होई. त्याच दुधाची भुकटी तान्ह्या मुलांच्या बाटल्यांत गेली. २००८ सालीं हें उघडकीस आलें तेव्हां सुमारें तीन लाख मुलें आजारी पडलेलीं होतीं. त्यांच्या मूत्रपिंडांत खडे झाले होते. सहा मुलें दगावलीं. त्या दुधाला कोणी मोरचुदाची परीक्षा लाविली असती तर मेलामाईनानें जांभळा रंग वाढला नसता. पण भाव रंगावर ठरत नव्हता, आंकड्यावर ठरत होता. आतां मेलामाईनसाठीं वेगळी तपासणी करतात. ती शोधावयाची असते हें पूर्वीं कोणाच्या ध्यानांत नव्हतें.

आपल्याकडे दुधांतली भेसळ या मानानें गांवठी आहे. शेतांत घालावयाचा युरिया दुधांत घालतात. युरियांतहि नत्र शेंकडा ४६ आहे. तो ओळखण्याची एक परीक्षा केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानें घरोघरच्या उपयोगासाठीं दिलेली आहे, आणि ती मला फार आवडते, कारण तिला लागणारें मुख्य साहित्य आपल्या डब्यांत आहे. चमचाभर दूध घ्यावें, त्यांत तुरीच्या डाळीचें किंवा सोयाबीनचें पीठ अर्धा चमचा घालून हालवावें, पांच मिनिटें थांबावें आणि तांबड्या लिटमसचा कागद अर्धें मिनिट त्यांत बुडवून ठेवावा. तो निळा झाला तर दुधांत युरिया आहे.

हें घडतें कसें? डाळींत ‘युरिएज’ नांवाचें एक विकर आहे. तें युरिया फोडून त्याचा अमोनिया करतें आणि अमोनिया लिटमसला निळा करतो. असें विकर म्हणजे काय वस्तु आहे याविषयीं शंभर वर्षांपूर्वीं कडाक्याचा वाद होता. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स समनर यांचा डावा हात सतराव्या वर्षीं शिकारींतल्या अपघातानें गेला होता, आणि ते तर डावरेच होते; प्रयोगाचें काम तुम्हांला साधणार नाहीं असें त्यांना सांगण्यांत आलें होतें. त्यांनीं जॅकबीन, म्हणजे आपल्या अबईच्या शेंगांची नातलग, घेऊन नऊ वर्षें खटपट केली आणि १९२६ सालीं युरिएजचे स्फटिक मिळविले. त्या स्फटिकांना त्यांनीं जुन्याच परीक्षा लाविल्या, आणि उत्तर आलें: प्रथिन. जर्मनींतल्या मोठ्या पंडितांनीं तें मानलें नाहीं. १९४६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तोंवर मानावें लागलें होतें. खोटें प्रथिन पकडण्यास खरें प्रथिन उपयोगी पडावें, हें त्या डाळीच्या चिमटींत आहे.

परीक्षा करूं इच्छिणारांस दोन सूचना. दूध तापविलेलें असेल तर तें आधीं पुरतें निवूं द्यावें. आणि डाळ कच्चीच दळावी, भाजलेली चालणार नाहीं. आंच लागली कीं तिच्यांतलें युरिएज निकामी होतें, आणि मग कागद तांबडा राहिला तरी त्यावरून कांहींच समजत नाहीं.